चढाची पट्टी, उताराची पट्टी

रेघोबा,

तोंडावर मी तुम्हाला या नावाने कधी हाक मारली नाही. डेपोतले सगळे पाठीमागे मारायचे आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. आता पाठ काय आणि तोंड काय, सारखंच. तुम्ही गेलात हे मला नऊ दिवसांनी कळलं, तेही वहिनींनी पाकीट पाठवलं म्हणून. पाकिटात चिठ्ठी नव्हती. नुसत्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या, चढाची आणि उताराची. कोपरे तुमच्या बोटांनी गोल झालेले, कडा मात्र अजून धारदार.

पत्र लिहायला बसले आणि लक्षात आलं, तुम्हाला जे ठाऊक आहे तेच मी तुम्हाला सांगत बसणार. असला वेळकाढूपणा मला सोसत नाही. तेव्हा ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. तुम्ही बाजूला बसून ऐका, कुठे चुकले तर नेहमीसारखा घसा खाकरा. शेवटी तुमच्याशी काम आहे, तेव्हा हाक मारीन.

तर हा माणूस बस डेपोत वेळापत्रक करायचा. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे कधी पोचणार, वाटेत कुठल्या गाडीला कुठे ओलांडणार, हे ठरवायचं. ऐकायला कारकुनी काम वाटतं. मलाही वाटायचं. मी शाळेत गणित शिकवत होते, पदवी पहिल्या वर्गात मिळवलेली, आणि कारकुनांबद्दल माझं मत काही फार चांगलं नव्हतं. ते मी लपवतही नसे.

गावामागे घाट होता. डेपोपासून वरच्या वस्तीपर्यंत वीस किलोमीटर. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि रस्त्याची रुंदी एका बसपुरती. दोन बस समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडायला तीनच जागा: पाचव्या किलोमीटरला झऱ्यापाशी, आठव्याला बंद पडलेल्या दगडखाणीपाशी, आणि चौदाव्याला पाण्याच्या टाकीपाशी. बाकी कुठेही गाठ पडली की एकीने मागे मागे जायचं, आरशात बघत, दरीच्या कडेने.

रोज सकाळी या रस्त्यावर दोन गाड्या असत. एक खालून वर जायची, वीजघरातल्या कामगारांना घेऊन. दुसरी रात्रभर वरच्या वस्तीत उभी असायची आणि सकाळी सातला खाली निघायची. तिला सगळे मुक्कामी म्हणत. या मुक्कामीने माझ्या दहावीच्या वर्गातल्या पाच मुली यायच्या. शाळा आठची. पहिला तास माझा.

एक दिवस पाचही जणी साडेआठला वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"ही काय वेळ झाली?"

त्यातली एक बोलकी होती. म्हणाली, "बाई, गाडी दोन किलोमीटर मागे मागे गेली. आमची नाही, समोरची. तिचं मागचं चाक पार कडेला आलं, तेव्हा सगळे कामगार खाली उतरले. ड्रायव्हर एकटाच आत."

"मग तुम्ही कशाला रडताय?"

"आम्ही नाही रडत बाई, ही रडतेय."

"मी नाही रडत. मला थंडी वाजतेय."

झालं होतं असं. वीजघराची पाळी बदलली, म्हणून वर जाणारी साडेसहाची गाडी नव्या साहेबांनी सहा पन्नासला केली. एक कागद टाइप केला, सही ठोकली, संपलं. वेळापत्रकवाला त्या आठवड्यात रजेवर होता, बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पूर्वी त्या दोन गाड्या टाकीपाशी, ऐसपैस जागेत, एकमेकींना ओलांडायच्या. आता त्यांची गाठ पडली दहाव्या किलोमीटरला, कड्याच्या खाली, अख्ख्या घाटातल्या सगळ्यात अरुंद जागी.

आणि दोन दिवसांनी डेपोच्या फळ्यावर दुसरा कागद लागला. येत्या सोमवारपासून मुक्कामी सकाळी आठला सुटेल. खालची गाडी वर पोचल्यावरच ही निघणार, म्हणजे रस्त्यावर एका वेळी एकच. साहेबांच्या दृष्टीने काम फत्ते. माझ्या दृष्टीने पाच मुली रोज नऊला दहा कमी असताना वर्गात, आणि दहावीचं वर्ष. त्यातल्या दोघींच्या घरी बोलणं आधीच सुरू झालं होतं: एवढ्या उशिरा पोचायचं तर जायचं कशाला, घरात काम काय थोडं आहे? मला ते बोलणं चांगलं ओळखीचं होतं. ते एकदा सुरू झालं की चार दिवसांत वर्गातला एक बाक मोकळा होतो.

मी मधल्या सुट्टीत तडक डेपो गाठला.

डेपोच्या मागच्या बाजूला, टायर रचलेल्या शेडला लागून एक खोली होती. खिडकी गाड्या धुवायच्या जागेकडे उघडणारी, त्यामुळे आत कायम डिझेलचा आणि साबणाचा वास. टेबल म्हणजे जुन्या बसचं मागचं दार आडवं टाकून त्यावर ठोकलेलं प्लायवूड. त्यामागे एक बुटका माणूस, खांदे पुढे आलेले, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल.

"इथे वेळापत्रक कोण करतं?"

"मी."

"मग लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "बसा."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं? मी बसले. टेबलावर आलेखाचे दहा-बारा कागद एकाला एक चिकटवून केलेला लांबलचक पट होता. खालच्या कडेने घाटाचा रस्ता, किलोमीटरचे आकडे, आणि आकड्यांखाली नखाएवढी चित्रं: झरा, खाण, कडा, टाकी. डाव्या कडेने खालून वर वेळ. आणि मध्ये तिरक्या रेघा, शेकड्याने. एका जुन्या दाढीच्या ब्रशने तो खोडरबराचा कचरा झटकत होता, हलकेच, जणू कागद झोपलाय.

मी काय बघतेय ते मला एका क्षणात कळलं. दोन चलांतील रेषीय समीकरणं. हेच मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढत होते. आणि जे चुकलंय तेही त्याच क्षणी दिसलं.

"हे उलटं काढलंय तुम्ही," मी म्हटलं. "वेळ आडव्या अक्षावर घ्यायची. अंतर उभ्या. कुठल्याही पुस्तकात बघा."

"रस्ता आडवा असतो बाई."

"पण मग तुमची हळू जाणारी गाडी जास्त उभी दिसते! वेगाची गाडी उभी दिसायला पाहिजे."

त्याने घसा खाकरला. ही त्याची सवय मला पुढे चांगली ओळखीची झाली; समोरच्याचं चुकलं की हा घसा खाकरायचा आणि गप्प बसायचा. मग म्हणाला, "चढाची गाडी कष्टाने जाते. तिची रेघ उभी. उताराची सैल सुटते, तिची रेघ पसरलेली. ड्रायव्हर लोकांना दाखवलं की लगेच कळतं. तुमचं पुस्तक मी त्यांना दाखवलं नाही अजून."

मी निघाले तेव्हा भांडायला आले होते हे विसरलेच होते.

त्याची माहिती मी मग काढलीच. मला अर्धवट ठेवलेलं काही आवडत नाही. नववीत शाळा सुटली. वडील डेपोत मेकॅनिक, त्यांचा हात मशीनमध्ये गेला, आणि हा गाड्या धुवायला लागला. शाळेतला त्याचा शेवटचा दिवस कुठला, तर ज्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर दोन रेघा काढून त्या जिथे छेदतात तिथे ठिपका दिला तो. दुसऱ्या दिवशी मास्तर ते उत्तर रेघा न काढता, नुसत्या आकडेमोडीने कसं काढायचं ते शिकवणार होते. दुसऱ्या दिवशी हा पाइप धरून बसच्या टपावर उभा होता. तेव्हा या माणसाला गणितातलं आयुष्यभर पुरेल एवढं जे काही मिळालं, ते त्या एका तासात. बाकीचं त्याने आपलं आपण केलं.

सहा वर्षं गाड्या धुतल्यावर त्याने पाहिलं की गाड्या घाटात अडकतात आणि का ते कुणालाच सांगता येत नाही. त्याने पंचवीस मीटरची दोरी घेतली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि एका ओळखीच्या कंडक्टरला बरोबर घेऊन सगळा घाट पायी मोजला. तीन दिवस लागले. पायी का, तर गाडीत बसला की त्याला ओकारी व्हायची. खरं सांगते. चौतीस वर्षं बस डेपोत नोकरी आणि पाचव्या मिनिटाला तोंड खिडकीबाहेर. "आचाऱ्याला वासाने मळमळतं तसला प्रकार," त्याची बायको म्हणायची, आणि तो तिच्याकडे बघून कौतुकाने हसायचा.

मोजून झाल्यावर त्याने महिनाभर कंडक्टरांना घड्याळ आणि कागद देऊन बसवलं. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला वेळ लिहायची. भरलेली गाडी, रिकामी गाडी, ओला रस्ता, कोरडा रस्ता. त्यातून त्याला दोन आकडे मिळाले. चढाला एका किलोमीटरला तीन मिनिटं. उताराला दोन. मग त्याने जाड पुठ्ठा घेतला आणि त्या दोन आकड्यांच्या तिरकेपणाच्या दोन पट्ट्या ब्लेडने कापल्या. पट्टी कागदाच्या कडेला टेकवायची, वर-खाली सरकवायची, पाहिजे तिथे थांबवून पेन्सिल फिरवायची. रेघ कुठूनही निघो, तिचा तिरकेपणा तोच. डेपोच्या सगळ्या घाटगाड्या या दोन पुठ्ठ्यांवर चालत होत्या आणि हे साहेब लोकांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

मी विज्ञानाची पदवीधर. दहा वर्षं मुलांना सांगत होते की रेषेचा चढ वेगळा आणि ती अक्षाला कुठे छेदते ते वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका. पण एकाची मालकी डोंगराकडे आणि दुसऱ्याची आपल्याकडे असते, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी साहेबांच्या खोलीत आम्ही गेलो. तो, मी, आणि ज्याने गाडी दोन किलोमीटर मागे नेली होती तो ड्रायव्हर. त्याला सगळे ढाण्या म्हणत. ढाण्या दारातच उभा राहिला, कारण त्याच्या बुटांना ग्रीस होतं आणि साहेबांच्या खोलीत गालिचा होता.

साहेब वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. कडेला उमटलेली चाकाची खूण त्याने स्वतः जाऊन पाहिली होती आणि तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

"बोला," साहेब म्हणाले.

"मुक्कामी दहा मिनिटं लवकर सोडा," रेघोबा म्हणाला. "सातच्या ऐवजी सहा पन्नासला. दोन्ही गाड्या सहा पन्नासला."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "दोन्ही एकाच वेळी? मग त्या भेटणार कुठे? बरोबर मध्यावर! वीसचं अर्धं दहा. म्हणजे परत त्याच कड्याखाली!"

आणि आता माझं ऐका. मी त्या माणसाची बाजू घ्यायला गेले होते. बाहेर डेपोच्या फळ्यावर पांढऱ्या रंगात मोठ्ठं लिहिलेलं होतं, घाट प्रवास पन्नास मिनिटं. ते मी येताना वाचलं होतं. पन्नास मिनिटं जायला, पन्नास यायला, सारखा वेग, एकाच वेळी सुटणार. असली उदाहरणं मी झोपेत सोडवते. मी पटकन बोलून गेले, "साहेबांचं बरोबर आहे. मध्यावरच भेटणार."

ढाण्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या गाडीचा ब्रेक काढून घेतलाय.

रेघोबाने घसा खाकरला. माझ्यावर चिडला नाही, काही नाही. शर्टाच्या आतून दोन पट्ट्या काढल्या, साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर पट पसरला आणि चारी कोपऱ्यांवर साहेबांचेच पेपरवेट, स्टेपलर, कप आणि टेलिफोन ठेवले.

"फळ्यावरचे पन्नास कुणीतरी साठ आणि चाळीसची सरासरी काढून लिहिलेत," तो म्हणाला. "पन्नास मिनिटं घेणारी गाडी घाटात एकही नाही. ही चढाची पट्टी. साठ मिनिटं. ही उताराची. चाळीस. यांचा तिरकेपणा मला बदलता येत नाही साहेब, तुम्हालाही येणार नाही. 'जोरात चालवा' म्हणून नोटीस काढलीत तरी नाही. तो घाटाचा आहे. आपल्या हातात एवढंच," आणि त्याने पट्टी वर-खाली सरकवली, "कधी सोडायची."

त्याने डावीकडून सहा पन्नासवर चढाची रेघ ओढली. उजवीकडून, त्याच उंचीवरून, उताराची. एक ताठ, एक पसरलेली. ताठ रेघ डावीकडेच उंच होत गेली, पसरलेली लांबून येऊन तिला मिळाली. जिथे मिळाली तिथून त्याने बोट सरळ खाली आणलं. बोट खाणीच्या चित्रावर थांबलं. मग डावीकडे नेलं. सात वाजून चौदा मिनिटं.

माझे कान गरम झाले. फळ्यावरचा आकडा वाचून मी दोन्ही गाड्यांना एकच चढ दिला होता, आणि वर्गात असं कुणी केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"कागदावर ठीक आहे," साहेब म्हणाले.

"चुकलं होतं तेही कागदावरच, साहेब."

"त्यापेक्षा मी खाणीपाशी दहा मिनिटं थांबतो की," ढाण्या दारातून म्हणाला. "मुक्कामी सातलाच सुटू दे."

"आणि कामगार उशिरा पोचले तर वीजघराला तुम्ही उत्तर देणार?" साहेब म्हणाले.

"मग काकांची रेघ घाला. मी काकांच्या रेघेवर गाडी घालतो. तुमच्या कागदावर पुन्हा घालणार नाही. माझं चाक बाहेर होतं, तुमचं नव्हतं."

साहेबांनी टेलिफोन बाजूला सरकवून पट पुन्हा पाहिला. मग म्हणाले की सोमवारी ते स्वतः ढाण्याच्या गाडीत बसतील. गाड्या खाणीपाशी भेटल्या तर सहा पन्नास पक्के. एक फर्लांग जरी इकडे-तिकडे झालं, तर मुक्कामी आठला, आणि परत या विषयावर कुणी खोलीत यायचं नाही.

बाहेर आल्यावर मी रेघोबाला म्हटलं, "माझं चुकलं."

"तुमच्या उदाहरणात घाट नसतो," तो म्हणाला. एवढंच.

सोमवारी सव्वासातपासून मी डेपोच्या फाटकात उभी होते. तो आत रजिस्टर घेऊन बसलेला. त्याला जागा सोडून चालायचं नाही. त्याने त्या सकाळी तीन पेन्सिलींना टोकं काढली, तिन्ही मोडली. साडेसातला एक मिनिट जास्त झालं आणि वळणावर मुक्कामी दिसली. पाच मुली उड्या मारतच उतरल्या.

"बाई, खाणीपाशी! साहेबांनी डोळे मिटले होते, आम्ही खिडकीतून पाहिलं!"

आत रेघोबाने मान वर केली. त्याने आनंदाबिनंदाने काही केलं नाही. बोलकीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "कोण थांबलं?"

"म्हणजे?"

"खाणीपाशी. तुमची गाडी थांबून राहिली, की समोरची उभी होती?"

"कुणीच नाही थांबलं."

"आपली थांबली होती थोडी," दुसरी म्हणाली.

"आपली नाही गं, त्यांची!"

तासाभराने निरोप आला की साहेबांची गाडी वेळेवर वर पोचली. दुपारी साहेब परतले, चेहरा पिवळा, आणि कुणाशी न बोलता सही करून मोकळे झाले. फळ्यावरचा आठचा कागद ढाण्याने स्वतःच्या हाताने फाडला, चार बोटं काळी उमटवून.

मुली वेळेवर येत राहिल्या. त्या वर्षी पाचही जणी परीक्षेला बसल्या. चौघी पास झाल्या. पाचवी गणितात राहिली, माझ्याच विषयात, आणि पुढच्या वर्षी सुटली. दोघींच्या घरचं बोलणं बंद पडलं ते पडलंच.

मी मधूनमधून त्या खोलीत जायला लागले. एकदा त्याला म्हटलं, तुमचा तो राहिलेला दुसऱ्या दिवसाचा धडा मी शिकवते. दहा मिनिटं लागली. चढाच्या गाडीचं समीकरण, उताराच्या गाडीचं समीकरण, एकातून दुसरं वजा, उत्तर आठ. त्याने सगळं नीट समजून घेतलं, स्वतः एकदा करून पाहिलं, बरोबर आलं.

"किती सोपं आहे," तो म्हणाला. मग कागदाकडे बघत राहिला. "पण यात आठच येतं बाई. खाण कुठे येते? नऊ आलं असतं तर मी नऊलाच गाड्या भेटवल्या असत्या. इथे वाटेत काय आहे ते दिसतच नाही."

मी पुढे निवृत्त होईपर्यंत वर्गात आधी आलेख काढायला लावला, आकडेमोड नंतर. कुणाकडून शिकले ते मात्र मुलांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

"कोण थांबलं?" हे त्याच्या डोक्यातून काही गेलं नाही. मला पहिल्यांदा तो हट्ट वाटला. गाड्या भेटतात ना खाणीपाशी, मग झालं! पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. पहिली गाडी येऊन थांबते आणि दुसरीची वाट बघते, असं असेल तर बाहेरून सगळं ठीकच दिसणार. रोज दोन मिनिटं कुणीतरी थांबत असेल तर पट्टीत खोट आहे. आणि पट्टीत खोट असेल तर ती पट्टी कापल्यापासून आहे, सगळ्या गाड्यांत आहे, आणि ड्रायव्हर लोक ती गुपचूप भरून काढताहेत.

"ढाण्याला विचारा की."

"विचारलं. म्हणतो, काका एकदम बरोबर. सगळेच म्हणतात एकदम बरोबर. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात."

"मग स्वतः जाऊन बघा."

"पाचव्या मिनिटाला डोकं खिडकीबाहेर असतं माझं. घड्याळ कोण बघणार?" आणि खालच्या आवाजात, "आता पायीही होत नाही. गुडघे."

निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्याला चहा दिला, साहेबांनी चार वाक्यं वाचली, त्यात त्याचं काम 'समाधानकारक' म्हटलं. ढाण्या मागे उभा राहून मोठ्याने शिंकला. चहा झाल्यावर रेघोबाने मला खोलीत नेलं. पट गुंडाळून ठेवलेला होता. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या हातात दिलं.

"तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं," तो म्हणाला.

असतं. मला उशीर खपत नाही.

"हे डेपोच्या घड्याळाला लावलेलं आहे. एकदा सहा पन्नासच्या गाडीत बसा, ड्रायव्हरच्या मागे. खाणीपाशी आलात की बघा. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही."

ते कौतुक होतं की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर रेघोबा, आता तुमच्याशी काम.

तेव्हा परीक्षा जवळ आल्या होत्या. नंतर पेपर तपासायचे होते. नंतर थंडी होती, आणि सहा पन्नासची गाडी पकडायची म्हणजे पाचला उठायचं. बाजारात भेटलात की तुम्ही विचारायचात, "जाऊन आलात?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की." वहिनी म्हणायच्या, "अहो, बाईंच्या मागे कशाला लागताय?" मी स्वतः निवृत्त झाले, तेव्हा तर कुठलंच निमित्त उरलं नाही, तरी गेले नाही. मग तुम्ही विचारायचं सोडलंत. ते माझ्या लक्षात आलं होतं.

सहा वर्षांपूर्वी घाट फोडून रुंद केला. आता दोन गाड्या कुठेही एकमेकींना ओलांडतात, कुणी कुणासाठी थांबत नाही, खाणीच्या जागी पेट्रोल पंप आहे. तुमच्या पट्ट्यांत खोट होती की नव्हती हे आता कुणालाही, कशानेही कळणार नाही. ढाण्याला मी परवा फोन करून विचारलं. म्हातारा झालाय. म्हणाला, "काकांचं एकदम बरोबर होतं बाई." मी म्हटलं, "खरं सांग." म्हणाला, "आता काय आठवतंय?"

घड्याळ माझ्या टेबलाच्या खणात आहे, पट्ट्यांच्या शेजारी. चावी दिली की चालतं. सहा पन्नासच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे बसायचं, खाणीपाशी किती वाजले आणि कोण थांबलं ते बघायचं, आणि संध्याकाळी तुमच्या घरी येऊन सांगायचं. एका सकाळचं काम होतं. मी केलं नाही.